‘सार्जेस हिरोज’वरची टीका रास्त होती का?

खांडेपारकर (धागाकर्ता)

‘आर्मी मेन: सार्जेस हिरोज’ हा व्हिडिओ गेम १९९९ मध्ये निन्टेंडो ६४ या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर आला आणि पुढच्या वर्षी प्लेस्टेशनवर. बादलीभर मिळणारे हिरवे प्लास्टिकचे सैनिक हेच त्यातले नायक. त्यांचा म्होरक्या सार्ज, आणि समोर जनरल प्लास्ट्रोची मातकट रंगाची फौज. प्लास्ट्रोला माणसांच्या जगात जाणाऱ्या वाटा सापडतात आणि तिथल्या वस्तू तो शस्त्रं म्हणून आणू लागतो. परीक्षणं थंडच होती. कॅमेरा भलतीकडे वळतो, नेम धरता येत नाही, मोहिमा एकसुरी आहेत, असा एकूण सूर होता.

माझ्या मते टीका रास्त होती, पण मुख्य दोषावर कोणी पुरेसं बोट ठेवलं नाही. मोहिमांचा क्रम बघा. तिसरीच मोहीम न्हाणीघरात आहे. तिथे सार्जच्या उंचीवरून टब दिसतो तेव्हा हा गेम का करावासा वाटला असेल ते एका क्षणात कळतं. मग घर गायब! रिफ, हूवर, थिक, श्रॅप, स्कॉर्च या साथीदारांना एकेक करून सोडवायचं, आणि ते सगळं जंगलात, बर्फात, तळांवर. तिथे सैनिक प्लास्टिकचा असला काय, हाडामांसाचा असला काय, काही फरक पडत नाही. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना येतात ते पार शेवटाकडे. तोवर अर्ध्याहून जास्त लोकांनी कंट्रोलर खाली ठेवलेला असणार.

खेळण्यातल्या सैनिकाचं सगळं बळ त्याच्या आकारात आहे. उंबरठा म्हणजे त्याला डोंगर. तेच काढून घेतलं तर उरतो एक सुमार नेमबाजीचा गेम.

सासष्टीकर

अजिबात पटत नाही. तुम्ही हा गेम एकट्याने खेळून त्याचा निवाडा करताय, आणि परीक्षकांनीही तेच केलं.

आमच्या भागात निन्टेंडो ६४ दुकानात मिळत नव्हता. वाड्यावरचा कोणी तारवटी बोटीवरून सुटीवर आला की त्याच्या बॅगेतून यायचा, सोबत दोन-तीन कॅसेटी. त्यातली एक ही. चार कंट्रोलर, पडद्याचे चार तुकडे, चतुर्थीची सुटी आणि घरभर चुलत-मावस भावंडं. चौघांत खेळताना मोहिमांचा क्रम कोण बघतो? कोण कपाटामागे दडलंय आणि कोणाकडे बझूका आलाय एवढंच डोक्यात. लहान मुलाला पाच मिनिटांत जमायचा, कारण बंदूक बऱ्यापैकी आपोआप नेम धरायची. परीक्षकांना जो दोष वाटला त्याच्या जोरावर आमची सात वर्षांची बहीण आम्हा मोठ्यांना हरवायची.

आणि साथीदारांच्या मोहिमा फुकट नाहीत. रिफचा बझूका, श्रॅपची उखळी तोफ, स्कॉर्चचा आगफेक्या, हूवरचं सुरुंग शोधण्याचं यंत्र. प्रत्येकाबरोबर खेळण्याची तऱ्हा बदलते.

म्हापसेकार

सासष्टीकर, चौघांत मजा येते हे त्या गेमचं कर्तृत्व नव्हे. चार भावंडं एका खोलीत बसली की पत्त्यांचा फाटका जोडही रंगतो. त्याच कन्सोलवर १९९७ मध्ये ‘गोल्डनआय ००७’ हा नेमबाजीचा गेम आला होता आणि तोही चौघांत खेळता यायचा. मग दोन वर्षांनंतरच्या गेमला सवलत का द्यायची?

मी प्लेस्टेशनची आवृत्ती खेळलो आहे. भिंतीला पाठ लावून उभं राहायला गेलं की कॅमेरा सार्जच्या डोक्यात घुसल्यासारखा जवळ येतो आणि शत्रू कुठे आहे तेच दिसत नाही. आपोआप नेमाचं म्हणाल, तर समोर दोन सैनिक असले की बंदूक दूरच्याला धरते आणि जवळचा आपल्याला मारून मोकळा होतो. हे चवीचे प्रश्न नाहीत, सरळसरळ कच्चं काम आहे.

पर्वरीची आई

माझी हरकत वेगळी आहे. या गेममध्ये रक्त नाही, म्हणून तो मुलांचा मानला जातो. पण आग लागली की सैनिक वितळतो, स्फोट झाला की त्याचे हातपाय सुटे होऊन उडतात. मुलं ते बघून हसतात. रक्त नसल्यामुळे मरण आणखी स्वस्त होतं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. जत्रेतून आणलेल्या सैनिकांशी मूल कसं खेळतं ते निरखून बघा. निम्मा वेळ मांडामांडीत जातो. पाटावर रांगा लावायच्या, नारळाच्या करवंटीचा किल्ला करायचा, काडेपेटीचा पूल. कोणी जखमी झाला तर त्याला रुमालात गुंडाळून निजवायचं. या गेममध्ये मुलाच्या हाती एकच काम उरतं, गोळी घालणं. खेळण्यांचं नाव घेऊन खेळणंच काढून घेतलंय.

वास्कोवाला

ताई, वितळण्याबद्दल माझं मत उलट आहे. आम्ही दाबोळीच्या धावपट्टीजवळ वाढलो. नौदलाची सी हॅरियर विमानं डोक्यावरून जायची, रस्त्यात गणवेशातली माणसं रोज दिसायची. खरा सैनिक कोण आणि प्लास्टिकचा कोण, हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही. भिंग उन्हात धरून प्लास्टिकचा सैनिक वितळवलेली मुलं जगभर सापडतील. गेमने तो पोरखेळ होता तसा दाखवला. उलट, खरेखुरे चेहरे आणि खरी शहरं दाखवून केलेल्या युद्धाच्या गेमांची मला जास्त धास्ती वाटते.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. त्यावरचं उत्तर याच मालिकेत आहे. २००२ चा ‘आर्मी मेन: आरटीएस’ हा डावपेचांचा गेम पाहा, पीसी आणि प्लेस्टेशन २ वर आला होता. त्यात घरात आणि परसात पडलेल्या खेळण्यांतून प्लास्टिक गोळा करायचं, बॅटरीतून वीज घ्यायची, ट्रकने तळावर आणायची आणि त्यातून फौज उभी करायची. मांडामांडीच ती!

डिचोलीचा गेमवाला

मी गेम बनवण्याच्याच धंद्यात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. चर्चा कॅमेऱ्यावर अडकली आहे. दोष कंपनीच्या हिशेबात होता.

हा गेम काढणारी थ्रीडीओ ही ट्रिप हॉकिन्स यांची कंपनी. १९८२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही गेम कंपनी काढणारे तेच. १९९३ मध्ये थ्रीडीओचा स्वतःचा कन्सोल अमेरिकेत ६९९ डॉलरला आला आणि पडला. मग कंपनी नुसते गेम काढू लागली. १९९८ मध्ये पहिला ‘आर्मी मेन’ पीसीवर आला आणि त्यांच्या हाती घबाड लागलं, कारण हिरवा सैनिक कोणाच्याच मालकीचा नाही. अमेरिकेत प्लास्टिकचे सैनिक १९३८ पासून बनताहेत, किती कारखान्यांनी ओतले असतील देव जाणे. कार्टूनमधलं पात्र घ्यायचं तर हक्कांचे पैसे मोजा, परवानग्या काढा. इथे सगळ्यांच्या ओळखीचं पात्र फुकट!

फुकट मिळालेल्या पात्राचा धाक नसतो. ते खराब केलं तर जाब विचारायला मालकच नाही. चारेक वर्षांत डझनाहून जास्त गेम काढले: हेलिकॉप्टरचे, अंतराळातले, महायुद्धाचे. २००१ चा ‘ग्रीन रोग’ तर असा, की पडदा आपला पुढे सरकत राहतो आणि तुम्ही दिसेल त्याला गोळ्या घालायच्या. एवढ्या घाईत लेव्हल तासून घ्यायला वेळ कुठून येणार? घरातली लेव्हल बनवणं सर्वांत महाग, कारण प्रत्येक वस्तू नवी घडवावी लागते. जंगलात तेच झाड शंभरदा लावता येतं. खांडेपारकर, तुम्हाला पडलेल्या कोड्याचं माझ्या अंदाजाने हे उत्तर आहे. २००३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्या वर्षीचा ‘सार्जेस वॉर’ दुसऱ्याच प्रकाशकाने बाजारात आणला. वास्कोवाल्यांनी सांगितलेला आरटीएससुद्धा थ्रीडीओने स्वतः घडवला नव्हता, तो पँडेमिक स्टुडिओजचा.

सासष्टीकर

म्हणजे कंपनी लोभी होती म्हणून गेम वाईट? ज्यांनी तो टब, ती शेगडी, तो दिवाणखाना घडवला ते कामगारच होते ना? घाईतही त्यांनी ते केलं.

खांडेपारकर

डिचोलीकर, झाडांचं कारण पटलं. पण त्याने टीका सौम्य होत नाही, आणखी धारदार होते. पैसे वाचवायचे तर मोहिमा कमी करा! पाच मोहिमा आणि पाचही एकाच घरात. स्वयंपाकघर एकदा ओट्याच्या वरून, एकदा खालून, एकदा रात्री दिवे बंद असताना. वस्तू त्याच, वाट नवी. २०२० मध्ये ‘हायपरचार्ज: अनबॉक्स्ड’ एका छोट्या चमूने केला. त्यात खेळणी फळ्यांवरून, खोक्यांवरून, माणसांच्या सामानामधून लढतात. मोठी फौज लागत नाही, कुठे थांबायचं ते ठरवावं लागतं.

सासष्टीकर, कामगारांना माझा नमस्कारच आहे. न्हाणीघर त्यांनी जीव ओतून केलंय म्हणून तर पुढच्या बर्फाचा राग येतो.

सासष्टीकर

राग येऊ दे. तरी चौघांच्या खेळाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. म्हापसेकारांनी पत्त्यांचा जोड काढला, पण ‘गोल्डनआय’ची कॅसेटही आमच्या घरात होती. त्यात बहीण पहिल्या मिनिटात मरायची आणि उठून आत जायची. ‘सार्जेस हिरोज’ लावला की जेवायला हाका मारल्या तरी हलायची नाही. परीक्षणात या गोष्टीला गुण कुठे देतात?

म्हापसेकार

देत नाहीत, आणि द्यायला हवेत हे मान्य. तुमच्या बहिणीसाठी दहातले सात. एकट्याने खेळणाऱ्यासाठी माझे चारच.