मदत हवी आहे: तिरक्या नोझलसाठी रेफरन्स प्लेन कशावरून घ्यावा?

नमस्कार मंडळी. वेर्ण्याला फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपात ड्राफ्टिंग करतो. सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये 114.3 मिमी बाह्यव्यासाच्या पाइपवर, अक्षाशी 45 अंशांत तिरकं नोझल (पाइपला जोडलेली आखूड नळी) आणि टोकाला 4 भोकांचा फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) हवा आहे. व्यास आणि कोन दोन्ही पुढे बदलणार.

आधी पाइपला टँजंट प्लेन (पाइपला स्पर्श करणारा, स्केच काढायचा काल्पनिक सपाट पृष्ठभाग) घेऊन त्यावरून कोन दिला. व्यास 168.3 केला की प्लेन पाइपच्या पलीकडच्या बाजूला जातो आणि पुढच्या सगळ्या फीचर्सवर लाल एरर येतात. मग फ्रंट प्लेनवर (सॉफ्टवेअरमधला समोरचा मूळ प्लेन) पाइपच्या अक्षापासून तिरकी रेषा काढली आणि तिच्या टोकाशी, रेषेला काटकोनात प्लेन घेतला. हा चांगला टिकतो. ‘अप टू नेक्स्ट’ने (पुढच्या पृष्ठभागापर्यंत वाढवण्याचा पर्याय) नोझल पाइपला बरोबर भिडतं. पण कोन 60 केला की या प्लेनवरच्या स्केचची आडवी दिशा फिरते आणि फ्लँजची भोकं जागा सोडतात. भोकांना ‘हॉरिझॉन्टल’ रिलेशन (आडव्या रेषेत ठेवणारं बंधन) दिलं आहे, कदाचित घोळ तिथेच असावा.

नुसता ऑफसेट प्लेन समांतरच राहतो, म्हणून उपयोगाचा नाही. थ्रीडी स्केच शक्यतो नको, फाइल इतरांनाही बदलावी लागते.

भोकं कायम फ्रंट प्लेनच्या दोन्ही बाजूंना सारखी राहावीत, यासाठी स्केच नेमकं कशाला बांधू?