चेहरा हुबेहूब, पण पात्र कुठाय?

गिरगावकर_फिगरवाला

भांडणाचाच विषय आहे, म्हणून प्रस्तावना टाळतो. सिनेमातल्या पात्रांच्या फिगर, म्हणजे संग्रहासाठीच्या बाहुल्या, जमवणाऱ्या आपल्या सगळ्यांना हेड स्कल्प्टचं, म्हणजे कोरलेल्या मुंडक्याचं, वेड लागलंय. नवीन फिगरचे फोटो आले रे आले की पहिला प्रश्न, "लाइकनेस कसा?" मग नटाचा फोटो शेजारी लावून नाकपुड्या जुळवायच्या, हनुवटीवर गोल काढायचे. फिगर उभी कशी आहे, हे कोणी विचारत नाही.

परवा दादरला जमलो होतो, तिथे एकाने दोन जोकर शेजारी ठेवले. दोन्ही २००८ च्या 'द डार्क नाइट' या बॅटमनच्या सिनेमातले, हीथ लेजरवाले. एक वन-सिक्स्थ, म्हणजे माणसाच्या एक षष्ठांश मापाचा, फूटभर उंच, कपाळावरच्या पांढऱ्या रंगाला पडलेल्या भेगासुद्धा दिसतायत. दुसरा सहा इंची, चेहरा सुमारच, पण खांदे पुढे पडलेले, मान खाली, डोळे भुवयांखालून वर बघणारे. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून मला जोकर दिसला तो दुसऱ्यात. पहिल्यात दिसला मेकअप करून फोटोला उभा राहिलेला एक नट.

माझं म्हणणं असं. नटाचा थ्री-डी स्कॅन घेतात तो सपाट उजेडात, निर्विकार चेहऱ्याचा. आपण सिनेमात बघितलेला चेहरा कॅमेऱ्याच्या लेन्समधून, एका बाजूच्या दिव्यात, अभिनय चालू असताना आलेला असतो. स्कॅन खोटा नाही. आधार कार्डावरचा फोटोही आपलाच असतो, पण घरचे तो बघून हसतातच ना!

आणि धडाचं काय? मोठ्या कंपन्या एकच तयार बॉडी डझनभर पात्रांना वापरतात. हॉट टॉइजची ट्रूटाइप बॉडी घ्या. वर मुंडकं बदललं, कपडे बदलले की झालं. म्हणून म्हातारा जादूगार आणि तरणा हेर एकाच ऐटीत उभे. याउलट केनर या खेळणी कंपनीच्या १९७८ च्या पावणेचार इंची स्टार वॉर्स फिगर बघा. डोळ्यांच्या जागी ठिपके, तरी हातभर लांबून कळतं कोण कोण आहे ते. १९९५ मध्ये त्याच केनरने नवी मालिका काढली, तेव्हा ल्यूक या नायकाला अखाड्यातल्या पैलवानाचे खांदे दिले. पात्र तिथेच मेलं.

ठाणे_वेस्ट_सीलपॅक

दादा, लिहिलंय झकास, पण पटलं नाही.

पोज माझ्या हातात आहे, चेहरा नाही. खांदे पुढे पाडायचे तर मी पाडेन, मान खाली घालेन, तीस जॉइंट त्यासाठीच दिलेत. पण कंपनीने नाक चुकवलं तर मी काय करू? पैसे मोजतो ते ज्या गोष्टीत माझा हात चालत नाही तिच्यासाठी. तुमचा पहिला जोकर वाईट उभा होता तो ज्याचा आहे त्याच्या आळसाने, कंपनीच्या दोषाने नाही.

आणि पैशाचं बोलायचं तर खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. एका वन-सिक्स्थ फिगरला तीस-पस्तीस हजार गेल्यावर मला "लांबून कळतंय हो" हे समाधान नकोय. मला जवळून बघायचंय. दाढीचे खुंट दिसायला हवेत.

केनरचे ठिपके तुम्हाला आवडतात कारण तेव्हा तुम्ही लहान होता. (होता ना?) आज एखाद्या कंपनीने तसेच ठिपके काढून पाठवले तर तुम्हीच पहिले बोंब माराल.

परळचा_रंगारी

मी मध्ये पडतो, कारण हे काम मी हाताने करतो. गणपतीच्या आधीचे महिने लालबागला कारखान्यात, बाकी वर्षभर लोकांच्या फिगरचे चेहरे पुन्हा रंगवून देणं.

आधी माप समजून घ्या. माणसाच्या डोळ्यातलं बुबुळ साधारण १२ मिलिमीटर. वन-सिक्स्थमध्ये ते २ मिलिमीटर होतं, सहा इंचीत १, आणि पावणेचार इंचीत पाऊण मिलिमीटरही नाही. सहा इंचीत डोळे छापणारा ठसा अर्धा मिलिमीटर सरकला तर खऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर बुबुळ ६ मिलिमीटर सरकल्यासारखं. म्हणजे सरळ तिरळा. कारखान्यात ठसा मारणाऱ्याने काही गुन्हा केलेला नसतो, मापच इतकं निर्दयी आहे.

आमच्याकडे मूर्तीचं सगळं काम पोरं करतात, पण डोळ्यांची आखणी जुना जाणताच करतो. कारण तेच. अंग थोडं इकडेतिकडे चालतं, नजर चुकली की मूर्ती गेली. फिगरला मी आधी वरच्या पापणीची रेघ मारतो, काळी नाही, गडद तपकिरी. बुबुळ पूर्ण गोल कधीच काढत नाही, त्याचा वरचा भाग पापणीखाली जायला हवा. पूर्ण गोल काढलंत की फिगर दचकलेली दिसते. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो, त्यात राखाडी आणि थोडा हस्तिदंती घालतो. शेवटी चमकेचा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. एवढ्याने त्याच मुंडक्याचं पात्र बदलतं, नाकाला हातही न लावता.

तेव्हा ठाणेकर, तुम्ही ज्याला नाक चुकलं म्हणता ते बऱ्याचदा नाक नसतंच, नजर असते. आणि गिरगावकर, खांद्यांचं खरं आहे, पण तुमच्या सहा इंची जोकरची जादू खांद्यांत कमी आणि भुवयांखालून वर बघण्यात जास्त होती. तुम्हीच लिहिलंय की ते.

दोघांनाही एक सांगतो. प्री-ऑर्डरच्या वेळी जे फोटो बघता ते हाताने रंगवलेल्या नमुन्याचे असतात. पेटीत येतं ते साच्यातून निघालेलं पीव्हीसी. गार होताना ते आकसतं, बारीक कडा बोथट होतात. कातडीला जी आतून उजळल्यासारखी झाक असते ती येण्यासाठी रंगाचे पातळ पातळ हात द्यावे लागतात. हजारोंच्या उत्पादनात तेवढा वेळ कोण देणार?

पार्लेकर_मीनल

रंगारीदादा, सहा इंचीत हा प्रश्न बराचसा सुटलाय की. हॅस्ब्रो २०१८ च्या आसपासपासून चेहरा थेट प्रिंट करते, बाकीच्यांचंही तसंच. ठशाच्या जमान्यातल्या त्या बटबटीत भुवया आठवा! आता भुवईचा केस न् केस वेगळा दिसतो. भिंग लावलं तर शाईचे ठिपके दिसतात, पण भिंग लावून कोण बघतं? (ठाणेकर बघत असतील.)

माझी तक्रार उलटी आहे. चेहरे फारच खरे व्हायला लागलेत. मासाहिरो मोरी या जपानी संशोधकाने १९७० मध्येच मांडलं होतं की यंत्रमानव जसजसा माणसासारखा होतो तसतसा तो आवडत जातो, आणि अगदी जवळ पोचल्यावर एकाएकी नकोसा वाटायला लागतो. माझ्याकडे एक वन-सिक्स्थ आहे, डोळे फिरवता येणारी. डोक्यामागचा भाग काढायचा आणि आतून बुबुळं हलवायची. भाची राहायला आली की ती फिगर भिंतीकडे तोंड करून ठेवते. बाजूच्या दोन इंची डोळ्यांच्या कार्टून फिगरशी मात्र गप्पा मारते.

ठाणे_वेस्ट_सीलपॅक

भिंग माझ्याकडे आहे, लपवायचं काय त्यात.

मीनलताई, मोरी बोलत होते यंत्रमानव आणि कृत्रिम हातांबद्दल, ज्यांना क्षणभर तरी खरं समजण्याचा धोका असतो. एका फुटाच्या बाहुल्याला कोण माणूस समजणार? आणि भीती वाटते ती खरेपणा अर्धवट राहिल्यावर. डोळे काचेसारखे खरे, कातडी मातीसारखी मेलेली, म्हणून अंगावर येतं. उपाय काय? कातडी सुधारणं. मागे फिरणं नव्हे.

लोणावळ्याला कधी मेणाचे पुतळे बघितलेत? तिथे कोणी घाबरत नाही, सगळे हसतात. खालच्या पाटीवरचं नाव वाचल्याशिवाय कोण आहे ते कळत नाही. चेहरा सोडून दिला की हे होतं.

कोर्टाची_पायरी

वकिली चष्म्यातून थोडं. चेहरा "सुमार" निघतो त्यामागे नेहमी कारागिरी नसते. पोशाख, नाव, चिन्ह यांचे हक्क स्टुडिओकडे असतात. नटाचा चेहरा हा करारात वेगळा विषय असतो, आणि बऱ्याचदा नटाला नमुना नाकारण्याचा अधिकार असतो. संमती नसेल तर कंपनी मुद्दाम "त्याच्यासारखा, पण तो नव्हे" असा चेहरा करते.

आपल्याकडचं उदाहरण थेट बाहुल्यांचंच आहे. दलेर मेहंदींसारख्या दिसणाऱ्या, त्यांची गाणी वाजवणाऱ्या बाहुल्या बाजारात आल्या होत्या. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये मनाई केली. अनिल कपूर यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये नाव, छबी, आवाज यांच्यासोबत "झकास" हा शब्द त्यांच्या खास ढंगात वापरण्यालाही संरक्षण दिलं. तेव्हा ठाणेकर, तुमच्या पहिल्या वाक्यातला शब्द जपून वापरा.

गंमत बाजूला. यात गिरगावकरांच्या बाजूने मुद्दा आहे. माणूस ओळखू येतो तो फक्त नाकाडोळ्यांनी नाही, ढंगानेही, हे न्यायालयालाही मान्य दिसतं. आणि घरी थ्री-डी प्रिंटरवर हिंदी नटांची मुंडकी काढून विकणाऱ्या पोरांनी याची नोंद घ्यावी. स्वतःच्या कपाटासाठी एक काढणं वेगळं, ऑर्डरी घेणं वेगळं.

मालाड_दमट

तुम्ही सगळे चेहऱ्यावर अडकलात. मुंबईत राहता ना? मग खऱ्या कपड्यांचं बोला.

वन-सिक्स्थवाले "खरं चामडं" म्हणून जे जॅकेट घालतात ते बहुतेक पीयूचं असतं, खाली कापड आणि वर पातळ प्लास्टिकचा थर. हवेतल्या ओलाव्याने तो थर हळूहळू तुटत जातो. माझ्याकडच्या एका फिगरचं कोपराजवळ आधी बारीक भेगा, मग पापुद्रे, आणि एका पावसाळ्यानंतर हात लावला तर बोटाला काळा भुगा. फिगर कपाटात, काचेआड, सिलिका जेलच्या पुड्यांसकट होती. चेहरा अजून एक नंबर आहे. खाली मात्र महारोग झाल्यासारखं अंग. त्याच शेल्फवर प्लास्टिकमध्येच कोट कोरलेली सहा इंची आहे, ढिम्म हललेली नाही.

आणि हे कापड तरी खरं दिसतं का? कापडाची वीण लहान होत नाही. सहापट लहान माणसाच्या अंगावर पूर्ण मापाची वीण, पूर्ण मापाचा टाका. सदरा गोणपाटाचा वाटतो. केसांचं तेच. आपला केस ०.०७ मिलिमीटरच्या आसपास जाड, वन-सिक्स्थला तो ०.०१२ हवा. तसा धागा डोक्यात रोवणार कोण? म्हणून रोवलेले केस नेहमी टोपासारखे दिसतात आणि कोरलेले बरे वाटतात. वस्तू खरी वापरली म्हणून फिगर खरी होत नाही.

जुना_फनस्कूल

फनस्कूलचे जी. आय. ज्यो सैनिक जमवणाऱ्यांनी इथे काय बोलायचं? आमच्या निम्म्या फिगरचा एकच चेहरा वाटायचा, कमरेतला रबर सडला की माणूस दोन तुकड्यांत. लाइकनेस कोणाशी बघणार, कंबर जागेवर राहिली तरी दिवाळी. चालू द्या.

गिरगावकर_फिगरवाला

रंगारी, मान्य, नजर मी खांद्यांच्या खात्यात टाकली. पण त्याने माझं म्हणणं पक्कंच होतं. तुम्ही नाक, गाल, हनुवटी काहीही न बदलता पात्र बदलता, मग स्कॅनने पकडलेल्या त्या नाका-गालाचं एवढं कौतुक कशाला?

ठाणेकर, "पोज माझ्या हातात" हे कागदावर ठीक. मालाडकरांचं जॅकेट घातलेली फिगर वाकवून बघा. तंग कपड्यात कोपर नव्वद अंशातही येत नाही, जोर लावला तर शिवण उसवते, आणि वाकवून ठेवली तर भेग तिथेच आधी पडते. म्हणून तीस जॉइंट असूनही आपल्या सगळ्यांच्या कपाटात फिगर हात लोंबकळत उभ्या. पेटीवरच तंबी असते, फार वेळ वाकवून ठेवू नका म्हणून! खरेपणासाठी घातलेला कपडाच पात्राला उभं राहू देत नाही.

मला विचाराल तर कंपनीने दाढीचे खुंट कमी काढावेत आणि त्या पैशात त्या पात्राची वेगळी बॉडी करावी. उतरते खांदे, पुढे आलेलं पोट, एका पायावर भार.

ठाणे_वेस्ट_सीलपॅक

वेगळी बॉडी करा, माझी ना नाही. पण ती करताना चेहऱ्यातून पैसे काढणार असाल तर मी घेणार नाही, आणि माझ्यासारखे बरेच घेणार नाहीत. मग पोट पुढे आलेली बॉडी बघायला कोण उरणार? कंपनीला आमच्या भिंगाची काळजी आहे ती काही उगाच नाही. माझ्या पुढच्या प्री-ऑर्डरचे फोटो आले आहेत, मी पहिला क्लोजअपच उघडला. तुम्हीही तेच करता, फक्त कबूल करत नाही.

पार्लेकर_मीनल

तुमचं चालू द्या. रंगारीदादा, त्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या फिगरचे फिरते डोळे तसेच ठेवून काही करता येईल का? की पापणीच रंगवायची?

परळचा_रंगारी

बुबुळांना हात लावू नका, ती चांगली असतात. वरच्या पापणीच्या आतल्या कडेला गडद तपकिरी रेघ द्या, म्हणजे सावली पडल्यासारखी होईल. खालच्या कडेला फिकट गुलाबी, पाण्यासारखी पातळ. निम्मा काचेचा भास तिथेच जाईल. नेलपॉलिश रिमूव्हर चेहऱ्याजवळ आणू नका, अॅसिटोनने प्लास्टिक जातं. चुकलं तर ओल्या ब्रशने लगेच पुसा, अॅक्रिलिक वाळायच्या आत.

आणि हाताला जो डोळा अवघड पडतो तो आधी करा. सोपा डोळा त्याच्याशी जुळवता येतो, उलटं केलंत तर रात्र जाईल.