मॉन्स्टेरावाल्यांनो, या इकडे! (अनुभव धागा)

पानवेडी
समोरच्या गॅलरीत मॉन्स्टेरा (मोठ्या, भोकं पडलेल्या पानांचा शोभेचा वेल) सुतळीने गजाला आवळलेला दिसला, म्हणून धागा काढतेय. मेक्सिकोच्या जंगलात हा झाडांवर चढतो, त्यामुळे काथ्याची काठी हवी. ती पार तळापर्यंत रोवा आणि हवाई मुळांची बाजू काठीकडे करा. बांधायचं ते खोड. देठ मोकळे सोडा, पानांना उजेडाकडे वळायचं असतं. काठी ओली ठेवा, तरच मुळं तिला धरतात. आता माती, पाणी, किडे, येऊ द्या.

कोकोपीटकाका
नुसती लाल माती नको, दगड होते. 2 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी पर्लाइट (हलके पांढरे खडे), झाडाच्या सालीचे तुकडे, गांडूळखत 1-1 भाग. कोकोपीट आधी दोनदा धुऊन पिळा. क्षार राहिले तर पानांच्या कडा करपतात.

डोंबिवलीकर
पाणी किती दिवसांनी?

कोकोपीटकाका
दिवस मोजूच नका. बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं की खालून निथळेपर्यंत द्या आणि ताटलीतलं ओतून टाका.

निशिगंध
पान पिवळं + काळपट डाग + माती ओलीच = मुळं कुजली. काळी, लिबलिबीत मुळं कापा, नवीन मिश्रण, लहान कुंडी. मोठ्या कुंडीत ओल हटत नाही.

चहाकमी
भोकं कधी पडणार याला??

पानवेडी
उलगडलेल्या पानाला नंतर पडत नाहीत, नव्या पानात बघा. झाड मोठं व्हावं लागतं आणि भरपूर उजेड लागतो. दुपारचं ऊन मात्र नको.

निशिगंध
देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. 5 मिली निंबोळी तेलात आधी भांड्याच्या साबणाचे थेंब घोटा (नाहीतर तेल तरंगतं), मग 1 लिटर पाणी. संध्याकाळी, पानांच्या खालूनही फवारा. आठवड्याने परत.

मांजरमावशी
आमचा बोका पानं चावतो, चालेल?

कोकोपीटकाका
अजिबात नाही. हा अळूच्याच कुळातला, खाज तीच. तोंडाची आग होते, लाळ गळते. कुंडी उंचावर ठेवा.

चहाकमी
म्हणजे वड्या नाहीत 😀

कोकोपीटकाका
वड्या नाहीत, पण पूर्ण पिकलेलं फळ खातात. कुंडीत फळ धरणं मात्र विसरा.

डोंबिवलीकर
ऑनलाइन एकच पान मिळतंय, स्वस्तात. घेऊ?

पानवेडी
खोडाचं पेर आणि डोळा असेल तरच. नुसत्या देठाला पाण्यात मुळं फुटली तरी पुढे झाड होत नाही.

मांजरमावशी
काथ्याची काठी कुठे मिळेल? नर्सरीवाला फार सांगतोय.

निशिगंध
पीव्हीसी पाइपला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा, झालं काम.