बारा वावरांच्या नोंदींना कोणती टी-टेस्ट लावावी?

प्रश्न : कृषी पदवीची विद्यार्थिनी, दारव्हा
प्रकल्पासाठी मी परिसरातील बारा शेतकऱ्यांच्या कोरडवाहू कपाशीच्या नोंदी घेतल्या. प्रत्येकाच्या अर्ध्या वावरात नेहमीचे खत आणि उरलेल्या अर्ध्यात त्याच्या जोडीला गांडूळखत दिले होते. गांडूळखताच्या भागात सरासरी एकरी ०.८ क्विंटल कापूस अधिक निघाला. हा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकेल का, हे पाहायला मी टी-टेस्ट लावली. दोन स्वतंत्र गटांच्या टी-टेस्टने टी ०.९३ व पी-मूल्य ०.३६ येते (पी-मूल्य जितके लहान, तितका फरक योगायोगाचा वाटत नाही), तर पेअर्ड म्हणजे जोडीजोडीने तुलना करणाऱ्या टी-टेस्टने ३.०८ व ०.०१. मनाजोगे उत्तर मिळते म्हणून दुसरी निवडणे मला पटत नाही.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, सांख्यिकी
तुमचा संकोच रास्त आहे. परंतु चाचणीची निवड पी-मूल्यावरून होत नाही, नोंदी कशा घेतल्या यावरून होते, आणि ती तुम्ही पेरणीच्या वेळीच करून ठेवली आहे. काळ्या कसदार वावरात आणि बरड वावरात उत्पन्नाची तफावत मुळातच मोठी असते. स्वतंत्र गटांची चाचणी ती सारी तफावत त्रुटीत, म्हणजे योगायोगाच्या चढउतारात, धरते आणि तुमचा ०.८ क्विंटलचा फरक तीत बुडून जातो. पेअर्ड चाचणी प्रत्येक वावराची तुलना त्याच वावराशी करते, म्हणजे बारा फरकांची सरासरी शून्यापासून किती दूर आहे एवढेच पाहते. स्वातंत्र्य मात्रा (टी-तक्त्यात कोणती ओळ पाहायची ते ठरवणारी संख्या; येथे जोड्यांपेक्षा एक कमी) ११ धरा, २२ नव्हे. ५ टक्के पातळीवर तक्त्यातील मूल्य २.२०१ आहे; तुमचा टी ३.०८ त्याहून मोठा आहे. संख्याशास्त्रज्ञ गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने ही पद्धत लहान नमुन्यांसाठीच मांडली होती, त्यामुळे बारा वावरांचा संकोच नको.

विद्यार्थिनी
सर, मग गांडूळखत निरुपयोगी असण्याची शक्यता १ टक्का, असे लिहू का?

निवृत्त प्राध्यापक
कृपया तसे लिहू नका. खताने काहीच फरक पडत नसता, तरीही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता सुमारे १ टक्का, इतकाच त्याचा अर्थ आहे. सोबत ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरा फरक साधारण कोठून कोठपर्यंत असू शकतो तो पट्टा, द्या : एकरी ०.२३ ते १.३७ क्विंटल. पाव क्विंटलाहून कमी कापसात गांडूळखताचा खर्च निघतो का, हे शेतकरी आधी विचारील.

उत्तर : कपाशी उत्पादक, दिग्रस
ताई, कोणत्या अर्ध्यात गांडूळखत टाकायचे हे कोणी ठरवले? आमच्याकडे नवे खत बहुधा ओल टिकणाऱ्या खोलगट बाजूला टाकून पाहतात. तसे झाले असेल, तर हा फरक खताचा की ओलीचा, हे कोणतीही टी-टेस्ट सांगू शकणार नाही.

विद्यार्थिनी
दादा, सात वावरांत नाणे उडवून ठरवले; पाच ठिकाणी शेतकऱ्यांनीच बाजू निवडली.

निवृत्त प्राध्यापक
हे अहवालात स्पष्ट नोंदवा आणि त्या सात वावरांची चाचणी वेगळीही करून पाहा. तेथे स्वातंत्र्य मात्रा ६ आणि तक्त्यातील मूल्य २.४४७ राहील.