जुन्या कलादालनाच्या कामासाठी टीम कशी जमवावी?

कौलारू: नमस्कार मंडळी. आमच्या ट्रस्टचं कलादालन दगडी, सागवानी तुळया, मंगलोरी कौलं. मागे एका ठेकेदाराने आतून सिमेंटचा गिलावा मारला. आता भिंतीला हात लावला की पापुद्रे तळहातावर येतात, आणि जलरंगांच्या मागच्या पुठ्ठ्यांवर बुरशी चढलीय. त्यातली दोन चित्रं माझ्या आजोबांनी टांगलेली, फार जीव तुटतो. आधी कोणाला नेमू, आर्किटेक्ट की इंजिनिअर?

चुनेवाला: आधी संवर्धन-वास्तुविशारद, म्हणजे जुन्या इमारती जपून दुरुस्त करणारा आर्किटेक्ट. इंजिनिअर त्यांनीच सुचवावा, जुन्या लाकडाची जाण असलेला. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघून याच. विकास दिलावरी या संवर्धन-वास्तुविशारदांच्या हाताखालचं काम. २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार, २००८ साली पुन्हा खुलं झालं. आणि तो सिमेंट काढा हो! ओल आत कोंडते. चुन्याची भिंत श्वास घेते. चुना मळणारा गवंडी मात्र आत्तापासून शोधा, तो सहज मिळत नाही.

रंगरेषा: चित्र-संवर्धक पहिल्या बैठकीपासून हवा, शेवटी नको. प्रकाशयोजनाकारालाही तेव्हाच बसवा. कागदावरच्या जलरंगांना साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड देत नाहीत. काम सुरू होण्याआधी चित्रं कोरड्या खोलीत हलवा, प्रत्येकाचा फोटो काढून.

कौलारू: मनापासून आभार. चित्रं उद्याच हलवतो. चुनेवाला, तुमच्या ओळखीत गवंडी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.