आगमनकाळ आणि नाताळ २०२०: गर्दी न होऊ देता धर्मग्रामातील उपासनेची आखणी कशी करावी?

खानापूरकर, २० नोव्हेंबर २०२०

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या कक्षेतील ख्रिस्ती समाजाच्या) उपासना समितीच्या वतीने हा प्रश्न विचारीत आहे. येत्या २९ तारखेला आगमनकाळाचा, म्हणजे नाताळपूर्वीच्या तयारीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार आहे. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर जून महिन्यात प्रार्थनास्थळे उघडली, तेव्हापासून आमच्याकडे एका बाकावर दोनच माणसे बसवून मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) होते आणि रविवारचे कसेबसे भागते. नाताळचे मात्र भागणार नाही. पुण्याला, मुंबईला आणि गोव्याला कामाला असलेली मुले सणाला गावी येतात, एरवी रविवारी न दिसणारी कुटुंबेही २४ च्या रात्री हटकून हजर असतात आणि आवारात पाय ठेवायला जागा उरत नाही. फादर एकटेच आहेत आणि मिस्सा मराठी व कोंकणी अशा दोन्ही भाषांत लागते.

समितीतील काही जणांचे म्हणणे आहे की यंदा सगळे रद्द करून मोबाईलवर मिस्सा दाखवावी. पण जंगलाकडच्या वाड्यांवर फोनला रेंजच येत नाही. दुसरा गट म्हणतो की एका रात्रीने काय बिघडते. गायकवृंद, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा, मिस्सेनंतर बाळ येशूच्या मूर्तीचे चुंबन घेण्याची प्रथा, नाताळपूर्वीचे पापनिवेदन (धर्मगुरूंपाशी पापांची कबुली) आणि घरातील वृद्ध मंडळी, या साऱ्यांचे काय करावे, हे अनुभवी लोकांनी सांगावे.

कॅम्पातला वाचक, बेळगाव, २१ नोव्हेंबर

२४ च्या रात्रीची मिस्सा तेवढी खरी आणि बाकीच्या दुय्यम, असे आपण मनाशी धरले आहे; गर्दीचे मूळ तिथे आहे. मिस्सा ग्रंथात नाताळसाठी चार स्वतंत्र मिस्सा दिलेल्या आहेत: पूर्वसंध्येची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. पूर्वसंध्येला मत्तयाच्या शुभवर्तमानातील (बायबलमधील येशूचरित्रातील) येशूची वंशावळ आणि योसेफाला पडलेले स्वप्न, रात्री लूकने सांगितलेली जन्मकथा, पहाटे मेंढपाळ गव्हाणीपाशी पोहोचतात तो भाग आणि दिवसा योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ वाचला जातो. पहाटे डेअरीला दूध घालून परस्पर चर्चला येणाऱ्या माणसाला मेंढपाळांचे शुभवर्तमान ऐकायला मिळावे, याहून उचित काय असेल? हे लोकांना डिसेंबरमध्ये नव्हे, पहिल्या रविवारपासून प्रवचनातून समजावून सांगावे लागेल.

नाताळला एका धर्मगुरूला रात्री, पहाटे आणि दिवसा अशा तीन मिस्सा आपापल्या वेळी अर्पण करता येतात. पूर्वसंध्येच्या मिस्सेबद्दल आपल्या फादरांनी बिशपांच्या कार्यालयाला आधी विचारून घ्यावे. रात्रीची मिस्सा बाराच्या ठोक्यालाच व्हावी असा नियम नाही. अंधार पडल्यावर सात वाजता केली, तरी ती रात्रीचीच मिस्सा होय. प्रत्येक मिस्सेसाठी एकच भाषा ठरवावी, म्हणजे एकच प्रवचन दोनदा होणार नाही आणि लोक बंदिस्त जागेत कमी वेळ राहतील. कोणी कोणत्या मिस्सेला यायचे याच्या वाडीवार चिठ्ठ्या देताना रात्रीची मिस्सा गावातल्या वजनदार घरांना आणि पहाटेची उरलेल्यांना, अशी वाटणी होऊ देऊ नका. ते भांडण पुढच्या नाताळपर्यंत पुरेल.

६५ वर्षांवरील व्यक्ती, गरोदर स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुले यांनी घरीच राहावे, असा केंद्र सरकारचा सल्ला आहे. त्यांना २५ तारखेला घरी थांबायला सांगताना नाताळ चुकला असे वाटू देऊ नये, कारण नाताळचा सण १ जानेवारीपर्यंत आठ दिवस साजरा होतो आणि नाताळकाळ यंदा १० जानेवारीला, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, संपतो. ज्या ज्येष्ठांना डॉक्टरांची हरकत नसेल त्यांच्यासाठी मधल्या एखाद्या साध्या दिवशी, चर्च रिकामे असताना, वेगळी मिस्सा ठेवता येईल.

आगमनकाळ तर घरातच चांगला पाळता येतो. हिरव्या पानांच्या चक्रातील चार मेणबत्त्या मिळाल्या नाहीत, तर दिवाळीच्या उरलेल्या पणत्या चालतील: पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा चढत्या क्रमाने. पहिल्या रविवारचे शुभवर्तमान मार्कच्या तेराव्या अध्यायातले आहे. घरधनी केव्हा येईल ते ठाऊक नाही, म्हणून जागे राहा, असे ते सांगते. रेंज नसलेल्या वाड्यांवर दर आठवड्याला शुभवर्तमान आणि दोन प्रार्थना यांची झेरॉक्स पाठवा. मोबाईलवरील मिस्सा आजाऱ्यांसाठी मोठा आधार आहे. धडधाकट माणसाची त्यावर बोळवण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूरसाथी, निपाणी, २३ नोव्हेंबर

केवळ गाण्यापुरते लिहितो. सरकारी सूचनांनुसार गायकवृंदाला मनाई आहे आणि शक्यतो ध्वनिमुद्रित भक्तिगीते लावावीत असे म्हटले आहे. मिस्सेपूर्वी लोक येऊन बसेपर्यंत ती खुशाल लावा. प्रत्यक्ष मिस्सेत मात्र गाणे ही प्रार्थना असते आणि स्पीकर काही प्रार्थना करीत नाही. म्हणून लोकांपासून दूर, मुखपट्टी लावलेला एकच गायक उभा करावा. आगमनकाळात रविवारी महिमागीत (‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत) नसतेच आणि वाद्येही बेतानेच वाजवायची असतात, त्यामुळे हे चार आठवडे एकट्या आवाजावर सहज निभावतील.

खरी कसोटी नाताळच्या रात्रीची आहे. महिमागीत परत येते आणि तेव्हा लोकांना गाऊ नका म्हणणे कठीण असते. मी असे सुचवीन की महिमागीत सर्वांनी हळू आवाजात म्हणावे आणि घंटा मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजू द्याव्यात. घंटेला मुखपट्टी लागत नाही. घरोघरची कॅरोलची फेरी यंदा नको.

निवृत्त परिचारिका, नंदगड परिसर, २३ नोव्हेंबर

सर्वांत आधी एक धोक्याची सूचना. हाताला लावायचे सॅनिटायझर बहुधा अल्कोहोलचे असते आणि ते पेट घेते. दारात सॅनिटायझर लावून ओल्या हातांनी लगेच मेणबत्ती पेटवायला जाणारी माणसे मी पाहिली आहेत. सॅनिटायझर दारात आणि मेणबत्त्या दुसऱ्या टोकाला ठेवा. जमल्यास दारात साबण-पाणीच ठेवा.

गोठा आत न करता बाहेर ओसरीवर करावा, म्हणजे लोक एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जातील. भाताचे पिंजर (पेंढा) लावणार असाल, तर त्यात दिव्यांच्या माळांच्या उघड्या जोडण्या नकोत. गोठ्यातल्या शेतासाठी नाचणी मुलांनी आपापल्या घरी ताटलीत पेरावी आणि २३ तारखेला एकेकाने आणून ठेवावी. मुलांचा सहभागही राहतो आणि घोळकाही होत नाही. मूर्तीचे चुंबन पूर्ण बंद, हात जोडून नमन पुरे. शांतीची खूण आपण भारतात हात जोडूनच देतो, तिथे काही बदलावे लागणार नाही. पवित्र पाण्याचे भांडे कोरडे ठेवावे. ख्रिस्तशरीर (मिस्सेतील पवित्र भाकर) तळहातावरच द्यावे आणि ‘आमेन’ सर्वांनी जागेवरूनच एकदम म्हणून मग मुकाट्याने रांगेत यावे.

पापनिवेदनासाठी लाकडी कपाट नको. आवारात झाडाखाली, इतरांना ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर दोन खुर्च्या मांडा आणि २० डिसेंबरची वाट न पाहता पहिल्या आठवड्यापासूनच सुरुवात करा. सामूहिक पापक्षमा गंभीर गरजेच्या वेळीच देता येते आणि तशी गरज आहे की नाही ते बिशप ठरवतात. समितीने त्यावर वेळ घालवू नये.

कॅम्पातला वाचक, बेळगाव, १८ डिसेंबर

वरील माहितीत एक भर घालतो. परवा, १६ डिसेंबरला, व्हॅटिकनच्या उपासनाविषयक मंडळाने आदेश काढला आहे. महामारीमुळे यंदा नाताळ, १ जानेवारी आणि प्रभुप्रकटनाचा (मागी बाळ येशूच्या दर्शनाला आल्याचा) सण या तिन्ही दिवशी बिशप आपल्या धर्मप्रांतातील धर्मगुरूंना चार मिस्सांपर्यंत परवानगी देऊ शकतात. परवानगी आपोआप मिळालेली नाही, फादरांनी ती विचारावी. रोममध्येही संचारबंदीमुळे पोपमहाशयांची रात्रीची मिस्सा यंदा साडेसातला आहे, हे बाराचा हट्ट धरणाऱ्यांना सांगता येईल. शिवाय ८ डिसेंबरपासून संत योसेफाचे वर्ष सुरू झाले आहे. पूर्वसंध्येच्या शुभवर्तमानात योसेफच मुख्य असल्यामुळे त्या मिस्सेला या वर्षी वेगळे औचित्य आहे.

खानापूरकर, २४ डिसेंबर

सर्वांचे आभार. कर्नाटकात काल रात्रीची संचारबंदी जाहीर झाली आणि आज ती मागेही घेण्यात आली, त्यामुळे दुपारपासून ‘आता बाराची मिस्सा होऊ द्या’ असे फोन सुरू झाले. फादरांनी नकार दिला आणि समिती त्यांच्या पाठीशी आहे. रात्रीची मिस्सा सात वाजता कोंकणीत, पहाटेची मराठीत आणि दिवसाची पुन्हा मराठीत होईल. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीमुळे वाडीवार याद्या करण्याची सवय लोकांना झालीच होती, त्यामुळे चिठ्ठ्यांवरून फारशी कुरबुर झाली नाही. पहाटेच्या चिठ्ठ्या सर्वांत आधी संपल्या, हे आम्हालाही अनपेक्षित होते. १ जानेवारीच्या मिस्सेसाठी नव्याने चिठ्ठ्या काढू आणि ज्या वाड्यांना रात्रीची मिस्सा मिळाली नाही, त्यांना तेव्हा आधी विचारू.