मेनोनाइट आईच्या स्मरणार्थ चार शब्द कसे बोलावेत?

प्रश्न (विनिपेगहून)

नमस्कार. दक्षिण मॅनिटोबात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या आईचे नुकतेच 91 व्या वर्षी निधन झाले. त्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या होत्या आणि त्यांचे आईवडील 1920 च्या दशकात युक्रेनमधून निर्वासित म्हणून कॅनडात आले होते. मी सांगलीहून येथे शिकायला आले तेव्हापासून त्यांनी मला लेकीसारखे वागवले. दर शनिवारी त्या त्स्वीबाक, म्हणजे मोठ्या गोळ्यावर लहान गोळा दाबून बसवलेले पाव, घरच्यांना पुरून उरतील इतके भाजत, कारण रविवारी दुपारच्या फास्पाला, म्हणजे पाव, चीज, जॅम आणि कॉफी अशा हलक्या खाण्याला, कोण येऊन बसेल हे कधीच ठरलेले नसे. मी मांसाहार करत नाही हे कळल्यावर त्यांनी एका शब्दाने काही न विचारता कोबीचे बोर्श्ट, म्हणजे सूप, माझ्यापुरते वेगळ्या पातेल्यात मांसाशिवाय शिजवायला सुरुवात केली आणि ते पातेले पुढे कायमचे माझे झाले. जेवणापूर्वी सगळे मान झुकवून प्रार्थना करत, पण त्या वेळी मी काय करावे हे त्यांनी कधी सुचवले नाही.

दफनविधीनंतर चर्चच्या तळघरात फास्पा असेल आणि तेथे मी बोलावे अशी मैत्रिणीची इच्छा आहे. स्वतःची स्तुती त्यांना मुळीच खपत नसे. हिंदू घरात वाढलेल्या मी त्यांच्या श्रद्धेविषयी कोणत्या अधिकाराने बोलावे?

उत्तर (वॉटर्लूहून)

आपल्या दुःखात सहभागी आहे. ज्यांचे ताट आपण इतकी वर्षे वाटून घेतले, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला आहेच. या पंथात श्रद्धा वागण्यातून दिसावी अशी अपेक्षा असते, त्यामुळे पाव आणि पातेले यांच्याविषयी बोलणे म्हणजे त्यांच्या श्रद्धेविषयीच बोलणे आहे. त्यामागे इतिहासही आहे. 1525 मध्ये झुरिकला प्रौढांचा बाप्तिस्मा सुरू झाल्यापासून या लोकांचा छळ झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांना परक्यांच्या दारात उभे राहावे लागले. 1924 च्या जुलैमध्ये रशियातून आलेले सुमारे 850 मेनोनाइट आमच्या वॉटर्लूत, म्हणजे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातील या शहरात, उतरले, तेव्हा येथील मेनोनाइट कुटुंबांनी त्यांना आपापल्या घरी नेले. पुढे 1979 मध्ये निर्वासितांना खासगी आश्रय, म्हणजे संस्थांनी किंवा लोकांनी स्वतः जबाबदारी घेऊन आश्रय, देण्याचा कॅनडा सरकारशी पहिला करार मेनोनाइट सेंट्रल कमिटी या मेनोनाइटांच्या मदतसंस्थेने केला, तो याच अनुभवातून, असे मला वाटते. आपल्या भाषणात हे जरूर यावे.

उत्तर (धमतरीहून)

मी मूळची नागपूरची, परंतु परिचारिकेचे शिक्षण छत्तीसगडमधल्या धमतरीच्या ख्रिश्चन रुग्णालयात घेतले. 1899 मध्ये अमेरिकन मेनोनाइट येथे आले तेही दुष्काळग्रस्तांना मदत पोहोचवण्याच्या कामातूनच, त्यामुळे वरील उत्तराशी मी सहमत आहे. तरीही एक विनंती करते: त्या तळघरात बसलेल्या वयस्कर मंडळींना निर्वासितांचा इतिहास आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असेल, अनेकांनी तो आपल्या आईवडिलांच्या तोंडून ऐकलेला असेल. आपण सांगितले नाही तर कोणालाच कळणार नाही अशी गोष्ट त्या वेगळ्या पातेल्याची आहे. येथील मेनोनाइट घरांतल्या माऊलीही पाहुण्याला आधी वाढत आणि मगच स्वतः बसत, पण त्याविषयी कोणी बोलू लागले की विषय बदलत. म्हणून ‘त्या थोर होत्या’ असे म्हणू नका, त्यांनी काय केले तेवढे सांगा. आपण हिंदू आहात हेही सरळ सांगा, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी त्यांनी आपल्याला दिलेली मोकळीक किती मोठी होती हे ऐकणाऱ्यांच्या ध्यानात येईल.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पातेले आणि जेवणापूर्वीची प्रार्थना या दोनच गोष्टी मी सांगणार आहे. त्यांचा मोठा मुलगा कुटुंबाच्या स्थलांतराविषयी बोलणार असल्याचे मैत्रिणीकडून कळले, त्यामुळे 1924 आणि 1979 चा तपशील मी त्यांच्याकडे सोपवला आहे.